पेपरातली अक्षत

आमच्या आत्ती हट्टी होत्या. त्या गेल्या म्हणून माघारी बोलते आहे असं नाही, तोंडावरही सांगत होते, आणि त्यावर त्या मला "तू कुठली मेणाची लागून गेलीस?" असं ऐकवत. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. त्यांचं नाव बनाबाई. उचगावात आमच्या गल्लीतल्या नळावर त्यांचा आवाज चढला की बाकीच्या बायका घागरी बाजूला घ्यायच्या. पण हीच बाई कुणाच्या लग्नाला गेली की एकदम गप्प. अंतरपाट धरला, नवरीच्या मागं तिचा मामा येऊन उभा राहिला, की आत्तींचं तोंड उतरायचं. परत येताना रिक्षात ठरलेलं एकच वाक्य असायचं: "मला माझ्या मामानं कधी अक्षत धाडली न्हाई."

अक्षतीचं काय एवढं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. लग्नपत्रिका काय, वाटेल त्याला जाते. अक्षत मात्र मानाच्या माणसालाच द्यायची असते. घरचं माणूस हळदकुंकवाचे तांदूळ घेऊन स्वतः दारात येतं, तांदूळ हातावर ठेवतं आणि लग्नाला या म्हणतं. लेकी, बहिणी, भाच्या यांना ती गेली नाही तर त्या लग्नाला जात नाहीत, आणि न जाणंच बरोबर असं सगळा गाव मानतो. गेली आणि तरी कुणी आलं नाही, तर तो अक्षत मोडल्याचा अपमान. अशा अपमानानं तुटलेली घरं मी पाहिली आहेत.

आत्तींना मामा होता, पण कुठं होता ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांची आई गोदाबाई बाळंतपणात गेली, तेव्हा आत्ती जेमतेम तीन वर्षांच्या. आईच्या माहेरची माणसं आली आणि भर दारात म्हणाली, वैद्य वेळेवर आणला नाही, तुम्हीच आमची पोर मारली. आत्तींचे वडील जोतीराम खाडे म्हणजे नाकावर राग. त्यांनी त्या माणसांना हाकलून दिलं, पोरीला घेऊन गाव सोडलं, कोल्हापूरच्या कडेला मजुरीला आले, दुसरं लग्न केलं. घरात आजोळचं नाव काढायचं नाही, असा दंडक घातला. मरेपर्यंत त्यांनी त्या गावाचं नाव सांगितलं नाही. माणसानं रागीट असावं, पण पोरीचं आजोळ गिळून टाकावं इतकं असू नये, असं मला वाटतं. आत्तींपुढं मात्र असं बोलायची सोय नव्हती. बापाला नाव ठेवलेलं त्यांना खपायचं नाही.

आत्तींच्या लग्नात मामा म्हणून शेजारचाच कुणी उभा केला. हळद लावताना आक्का नावाच्या म्हाताऱ्या शेजारणीला राहवलं नाही. जोतीरामांच्या तोंडून कधीतरी रागात निसटलेलं तिनं कानात सांगितलं, "तुझा खरा मामा केरबा. पाटलाचा हाय. वर पावसाच्या मुलखात, रवळनाथाच्या गावात ऱ्हातो." आजोळची म्हणून आत्तींकडे एवढीच इस्टेट. सासरी आल्यावर रिवाजाप्रमाणे त्यांचं नाव बदललं. माहेरची सोनू उचगावात बनाबाई झाली, आणि पुढं उचगावात सोनू कोण हे सांगायला कुणी उरलं नाही.

आता मामाचा पत्ता काय, तर केरबा पाटील. कोल्हापूर जिल्ह्यात दगड मारला तर पाटलाला लागतो, आणि हुकला तर दुसऱ्या पाटलाला लागतो. कुठं शोधणार?

माझे सासरे मी पाहिलेच नाहीत, ते लवकर गेले. दोन पोरं पदरात घेऊन आत्तींनी कागदी पिशव्यांचा उद्योग धरला. रद्दी आणायची, पेपरचं पान मधून फाडायचं, घडी घालायची, मैद्याची खळ लावायची, बूड दुमडायचं आणि पिशव्या अंगणात वाळत घालायच्या. मग गठ्ठे बांधून लक्ष्मीपुरीतल्या दुकानांत पोचवायच्या. आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. जगात काय काय घडलं ते सगळं आत्तींच्या हाताखालून गेलं आणि डाळी-चुरमुरे भरून लोकांच्या घरी गेलं. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पान उलटं आहे की सुलटं, याचीही गरज नव्हती.

नव्वद सालानंतर आमच्याकडे साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. निशा नावाची कॉलेजातली मुलगी संध्याकाळी देवळात शिकवायला यायची. आत्ती गेल्या त्या गंमत बघायला. पोरगी गोड बोलते म्हणून दुसऱ्या दिवशी गेल्या, आणि मग पाटी घेऊनच बसल्या. साठीची बाई 'कमळ' वाचते आहे, हे बघून माझा नवरा संग्राम फौंड्रीतून आल्यावर हसायचा. एक दिवस आत्तींनी त्याला पेपर उघडून "शुभविवाह" वाचून दाखवलं, तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

त्या लग्नाच्या जाहिरातींनीच आत्तींना वाचायला शिकवलं, असं मी म्हणेन. अक्षर ठसठशीत, भोवती चौकट, आणि मजकूर तोच तो. आमचे येथे श्रीकृपेकरून, अमक्याचे चिरंजीव, तमक्याची कन्या, सहकुटुंब सहपरिवार. नजरचुकीने कुणास निमंत्रण गेले नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. एक वाचता आली की शंभर येतात. आत्ती बोट ठेवून मोठ्यानं वाचायच्या, आणि वाचून झाल्यावर "बरं स्थळ गावलं पोरीला" असा शेराही मारायच्या. त्या पोरीला एव्हाना दोन पोरं झालेली असायची, कारण पेपर जुना. खळ पातेल्यात वाळून जायची. मी करवादायचे, "आत्ती, पिशव्या करा, लग्नं नंतर लावा."

मग एकदा त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक जाहिरातीच्या डोक्यावर देवाचं नाव असतं. जोतिबा प्रसन्न, अंबाबाई प्रसन्न, बिरदेव प्रसन्न. म्हणजे रवळनाथ प्रसन्न असलेलीही कुठंतरी असणार. त्या दिवसापासून आमच्या घरात कुठलंही पान आत्तींनी वाचल्याशिवाय खळीला लागलं नाही. आधी वरचा देव बघायचा. जोतिबा असला की पान बाजूला. जोतिबाला त्या हात मात्र जोडायच्या. रवळनाथ दिसला की बोट खाली सरकायचं, पाटील शोधत. पाटील सापडला की माझ्या नावानं हाक.

"मामा भेटला तर काय करणार?" मी एकदा विचारलं.

"इचारणार," त्या म्हणाल्या. "भन मेली ती मेली, पर तिच्या पोरीला का टाकलंस, एवढंच इचारणार. एका तरी लग्नाला आवतण धाडलं असतं, तर मी काय वाटा मागितला असता व्हय?"

हाच त्यांचा सल होता. आई गेल्याचं दुःख त्यांना आठवतही नव्हतं. आपण नकोशा झालो, हे मात्र त्या कधी विसरल्या नाहीत.

ह्या शोधापायी आम्ही एकदा फजितीही करून घेतली. रवळनाथाच्या एका पाटलाची ताजी जाहिरात सापडली, आजऱ्याकडच्या गावाची, लग्न दोन दिवसांवर. "हेच निमंत्रण समजावे असं छापलंय की," म्हणून आत्तींनी नवं पातळ नेसलं आणि मला ओढत नेलं. मांडवात मुलाकडच्यांना वाटलं आम्ही मुलीकडच्या, आणि मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडच्या. दोन्हीकडून आग्रह करकरून वाढलं. शेवटी आत्तींनी यजमानांना विचारलं, "केरबा पाटील कोण तुमच्यात?" यजमान म्हणाले, "तीन हायत. कुठला पायजे?" तिघांनाही समोर आणून उभं केलं. त्यातला एक विशीतला होता आणि उरलेल्या दोघांच्या सगळ्या बहिणी जिवंत होत्या, मांडवातच बसल्या होत्या. परत येताना एसटीत आत्ती हसल्या, आणि मग खिडकीकडं तोंड करून बसल्या.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जवळच्या एका वाचनालयानं जुन्या पेपरांचे गठ्ठे काढून टाकले. वाळवी लागली होती. संग्रामनं टेम्पोतून ते आमच्याकडं आणले. वीस-पंचवीस वर्षांपासून साठलेले पेपर, हातात घेतले तर कडा झडायच्या. पिशव्यांना त्यांचा काही उपयोग नव्हता. आत्ती मात्र दिवाळी आल्यासारख्या त्यांच्यात जाऊन बसल्या.

दुपारी मी भांडी घासत होते. बाहेरून आत्तींच्या वाचण्याचा सूर येत होता, तो मधेच थांबला. मी हात न धुताच बाहेर गेले. त्यांनी पान माझ्यापुढं धरलं.

"तू वाच. मी चुकीचं वाचत असंन."

एक्क्याऐंशी सालचा पेपर होता. वर रवळनाथ प्रसन्न. चंदगड तालुक्यातलं एक गाव. केरबा पाटील यांच्या मुलीचं लग्न. नेहमीचा सगळा मजकूर, आणि चौकटीच्या तळाला वेगळ्या ओळी: 'आमची भाची सोनू, कै. गोदाबाई व जोतीराम खाडे यांची कन्या, हिचे घर आम्हांस ठाऊक नाही. ती जेथे असेल तेथे तिने हीच अक्षत समजावी व मांडवात यावे. मामा केरबा.'

मी दोनदा वाचलं. आत्ती म्हणाल्या, "आणि एकदा वाच." मी आणखी एकदा वाचलं.

मग आम्ही दोघींनी तो सगळा ढीग उपसला. शहात्तर सालचं एक लग्न सापडलं, त्यातही त्याच ओळी. चौऱ्याऐंशीच्या लग्नातही त्याच. नव्वद साली केरबा पाटलांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, ती जाहिरात मात्र साधी होती. खाली कुणाला हाक नव्हती.

मी या घरात अठ्ठ्याऐंशी साली आले, आणि मला वाचता येतं. चार वर्षं आधी आले असते तर, असं मला किती वेळा वाटून गेलं, ते कुणाला सांगू? आत्तींना वेगळंच काही वाटत होतं. त्या दोन्ही हात पुढं करून बघत होत्या. "शात्तर साली मी पिशव्या करत हुतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका पुरुषांसारखंच 'मी करतो, मी आलो' बोलतात. "चौऱ्यांशीला बी करत हुतो. ही पानं माझ्या हाताखालनं गेली असतील की गं. माझी अक्षत मीच खळ लावून दुकानात पोचिवली."

संध्याकाळी मी गुंडूच्या चहाच्या हॉटेलाच्या दारात जाऊन उभी राहिले. गावातली पुरुषमंडळी तिथं पूर्वीपासून पेपर मोठ्यानं वाचतात. गुंडूला विचारलं, असं काही वाचलेलं आठवतं का. तो म्हणाला, "व्हय की. रवळनाथाचा कोणतरी पाटील घालत हुता. आमी हसायचो, कोण ही सोनू आन कुठं दडून बसल्या म्हणून." आत्तींचं घर त्याच्या हॉटेलापासून हाकेच्या अंतरावर. मी तशीच मागं फिरले. बोलून तरी काय, त्याला बनाबाई ठाऊक होती, सोनू नव्हती.

आत्ती त्यानंतर आठ वर्षं जगल्या. चंदगडला काय झालं, हे त्यांनी गल्लीत कुणालाच सांगितलं नाही. 'आजोळ गावलं का?' असं कुणी विचारलं की 'गावलं' म्हणायच्या आणि घागर उचलायच्या. त्यांच्यासोबत मीच गेले होते, म्हणून मला लिहावं लागतं आहे.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "एवढी जुनी अक्षत चालती व्हय गं?"

"मामाची अक्षत कधीपण चालते," मी म्हणाले. मला काय कप्पाळ ठाऊक होतं! पण त्यांना तेवढं पुरलं.

एसटीनं गडहिंग्लज, तिथून चंदगड, आणि पुढं एक खडखडती गाडी. मेचा महिना, तरी तिकडं झाडी हिरवी होती. पाटलाचं घर लगेच सापडलं. ओसरीवर एक म्हातारी काजूच्या बिया निवडत बसली होती. कपाळ मोकळं. ते बघून मला काय ते कळलं. आत्तींनाही कळलं असणार, पण त्या चालत राहिल्या.

"कोण पावणं?" म्हातारीनं विचारलं.

"मी सोनू," आत्ती म्हणाल्या. हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "गोदाची."

म्हातारीचा हात बियांत थांबला. ती उठली नाही, गळ्यात पडली नाही.

"लई उशीर केलास गे," ती म्हणाली.

"मामा?"

"चार वर्सं झाली."

आत्ती पायरीवरच बसल्या. ती म्हातारी म्हणजे मामी. त्यांचा मुलगा हंबीरराव रानात गेला होता, सून आत होती. तिनं पाणी आणून दिलं. मामी बोलायला लागल्या ते मात्र काही राखून न ठेवता. "कोल्लापुरात तुझ्या बानं त्येला दारातनं परतिवला. पोरगी उजवली एवढंच सांगितलं, कुठं ते सांगितलं न्हाई. म्हणून मग हंबीररावाच्या लग्नापास्नं पेपरात घालाय लागला. भाऊबंदांनी याड्यात काढला त्येला. म्हणायचा, बाकीच्या लेकीबाळींच्या दारात मी जाऊन आलो, हिचं दार मला ठावं न्हाई, म्हणून पेपरात. अक्षत ती अक्षत. दर लग्नाला तुझ्या नावाचं लुगडं काढून ठिवायचा. म्हूर्त टळाय आला तरी वाटंकडं बघत उभा. भटजी वराडायचा. मांडव उतरला की ते लुगडं देवळात दिऊन यायचा."

"आणि धाकटीच्या वक्ताला?" आत्तींनी विचारलं. त्यांना ती साधी जाहिरात विसरता येत नव्हती.

"त्या वक्ताला म्हणाला, बास. एवढ्यांदा अक्षत दिली, एवढ्यांदा तिनं मोडली. बाच्या वळणावर गेली. आता माझ्याकडनं आवतण न्हाई."

"मी मोडली न्हाई," आत्ती म्हणाल्या. नळावरचा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "मामी, मला वाचाय येत न्हवतं."

मामींनी हातातली बी सुपात टाकली. मग म्हणाल्या, "त्येला तरी कुठं येत हुतं! शाळंतल्या मास्तराकडनं लिवून घ्यायचा. हितं चावडीवर एक जण पेपर वाचतो आन गाव ऐकतो. त्येला वाटायचं, तिकडं बी कोणतरी तुला वाचून दावत असंल."

वाचून दाखवत होतेच की. गुंडूच्या हॉटेलात, रोज. पण तिथं बाईमाणसानं कधी पाय ठेवला नव्हता, हे त्या भल्या माणसाला कुठून कळणार? दोन्हीकडं वाचता न येणारी माणसं, आणि मधे छापील कागद. मला त्या वेळी इतका संताप आला होता, पण कुणावर काढायचा तेच कळेना.

"रागात गेला व्हय मामी?" आत्तींनी विचारलं.

मला वाटलं, मामी आता चार शब्द बरे बोलतील. पाहुणी दारात आली आहे, म्हातारी आहे, रडते आहे. पण आमच्या मुलखाची जीभ तशी नाही.

"व्हय," मामी म्हणाल्या. "रागातच गेला. खोटं कशाला बोलू?"

आत्तींनी मान हलवली. हंबीररावांची बायको दारात उभी होती, तिनं पदर डोळ्याला लावला. मामींनी सूप बाजूला सारलं आणि जरा अडखळत म्हणाल्या, "जाताना मला जवळ बोलावलं. म्हणाला, सोनू कधी आली तर दारातनं परत धाडू नगा. जेवाय घाला. पर मी वाट बघितली, असं तिला सांगू नगा." एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आन मी बाई सगळंच सांगून बसलो."

सुनेनं ताटं आणली. तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, भात. आत्तींनी घास मोडला आणि परत ताटात ठेवला. पाण्याचा घोट घ्यायच्या आणि पुन्हा हात ताटात नुसताच फिरवायच्या. मला बघवेना. मी म्हणाले, "आत्ती, राहू द्या आता. मामी काही म्हणणार नाहीत."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मामानं जेवाय घाला म्हणून सांगितलंय."

आणि रडत रडत त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. मामींनी परत भात वाढला, तोही खाल्ला.